कुलाब्याचे लोहचुंबक आणि वरचे आकाश

आमचे बिऱ्हाड चिंचवडास आहे. गेल्या दिवाळीत घरातील एका मुलासाठी आम्ही एक लहानसे होकायंत्र आणले. मेजावर ठेवले तेव्हा त्याची उत्तर दिशा खिडकीकडे होती. लोखंडी कपाटाजवळ नेताच ती देवघराकडे गेली. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली ठेवले, तेव्हा स्लॅबमधील सळयांनी तिसरीच दिशा दाखविली. मुलाने निकाल दिला, "काका, हे बिघडलंय." आम्ही त्यास म्हणालो, "यंत्र ठीक आहे रे. त्याला आपला गाव मानवत नाही." उत्तर विनोदाने दिले खरे, परंतु पुष्कळ दिवस ते मनात घोळत राहिले. पिंपरीपासून चाकणपर्यंत लोखंड कापणारे, ठोकणारे, वितळविणारे आणि वाहून नेणारे इतके कारखाने एकापुढे एक उभे आहेत की, या पट्ट्यात चुंबकसूचीने खरे बोलावे अशी अपेक्षा करणे हाच तिच्यावर अन्याय होय. अशाच एका कारणास्तव एका वेधशाळेने सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई सोडून अलिबागेस बिऱ्हाड हलविले. तिचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. यंत्रांच्या संगतीत राहणाऱ्या आम्हां लोकांस तो इतरांहून थोडा अधिक जवळचा वाटावा, अशी आमची समजूत आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. पृथ्वीपासून शंभर, दोनशे, तीनशे किलोमीटर उंचीवर जे अतिविरळ वातावरण आहे, त्याचा अभ्यास म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे फुगे, अग्निबाण आणि उपग्रह येतात; फार तर उत्तर ध्रुवाकडील बर्फात उभ्या असलेल्या वेधशाळांचे रडार आणि आकाशाकडे रोखलेले कॅमेरे आठवतात. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर २००८ सालापासून आपले 'हिमाद्री' हे संशोधनकेंद्र आहे, हेही वाचकांच्या वाचनात आले असेल. परंतु या सर्वांच्या कितीतरी अगोदर वरच्या आकाशाची बातमी माणसास प्रथम दिली ती एका साध्या लोहचुंबकाने. १७४१ साली स्वीडनमधील उप्साला येथे सेल्सियस व त्याचा सहकारी ह्योर्टर यांस असे आढळून आले की, आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे पडदे हलू लागले म्हणजे खोलीत ठेवलेली चुंबकसूचीही अस्वस्थ होते. वर दिसणारा प्रकाश आणि खाली थरथरणारी सूची यांचा संबंध काय, हे समजावयास पुढे दीडशे वर्षे लागली. १८८२ साली बाल्फोर स्ट्यूअर्ट याने असे अनुमान मांडले की, वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युत्प्रवाह वाहत असले पाहिजेत आणि सूचीचे दैनंदिन हेलकावे त्यांच्याच चुंबकत्वाने होत असले पाहिजेत. तेव्हा रेडिओचा जन्म झालेला नव्हता. ज्या थरास आज आयनांबर म्हणतात, त्याचा प्रत्यक्ष पुरावा रेडिओलहरींच्या साहाय्याने मिळावयास १९२४ साल उजाडले. तोपर्यंत त्या थराची साक्ष एकटे लोहचुंबकच देत होते.

नॉर्वेच्या बर्केलंडने तर १८९९ साली ध्रुववर्तुळाच्या आत हाल्डे नावाच्या डोंगरमाथ्यावर वेधशाळाच बांधली आणि ऐन वादळवाऱ्यात माणसे बसवून चुंबकाच्या नोंदी घेतल्या. ध्रुवीय प्रकाश तेथे डोक्यावरच असतो. परंतु यातही एक अडचण आहे. ढोलताशाच्या पथकाला खेटून उभा राहणारास मिरवणूक केवढी लांब आहे हे कळत नाही. ध्रुवाजवळची सूची डोक्यावरील स्थानिक प्रवाहांनीच इतकी हेलकावते की, संपूर्ण पृथ्वीभोवती उठलेल्या चुंबकीय वादळाचे माप तिच्याकडून नीट मिळत नाही. ते माप घ्यावयास विषुववृत्ताच्या बाजूला, पण अगदी त्यावर नव्हे, असे एखादे शांत ठिकाण लागते. असे ठिकाण मुंबईच्या दक्षिण टोकास होते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांस अचूक वेळ देण्यासाठी. चुंबकाचा तेथे प्रवेश झाला तो एका मोठ्या युरोपीय चळवळीच्या पाठीवर बसून. हुम्बोल्ट आणि गाउस या जर्मन पंडितांनी असे प्रतिपादन केले होते की, पृथ्वीचे चुंबकत्व समजावयाचे तर जगभर एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंदी झाल्या पाहिजेत. इंग्लंडातील विद्वत्सभांनी ही कल्पना उचलली. सरकारने आपल्या वसाहतींत आणि कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई येथे वेधशाळा चालविण्याचे पत्करले. यंत्रे डब्लिनच्या ग्रब या कारागिराकडून आली. कंपनीच्या या चार ठिकाणांपैकी मुंबईचे काम मात्र अखंड चालत राहिले. कसे, ते पुढे येईलच.

१८४१ साली कुलाब्यास चुंबकीय व हवामानविषयक नोंदी सुरू झाल्या, त्या एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेच्या कारभाराशी संबंध आला, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते. परंतु आम्हांस विशेष वाटते ते ऑर्लेबारांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका कोवळ्या मराठी मुलाचे. विनायक लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे यांचा जन्म १८२४ साली अलिबागनजीकच्या नागावास झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे ते मुंबईस आपले चुलते बापू छत्रे यांच्याकडे शिकावयास राहिले, आणि सोळा-सतराव्या वर्षीच कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. पुढे पुण्यास गणित व सृष्टिशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांनी जो लौकिक मिळविला, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली आणि टिळकांसारखे विद्यार्थी घडविले, ते सर्वश्रुत आहे. त्यांच्या चरित्रात कुलाब्याची वर्षे एका ओळीत आटोपतात. आमच्या मते तो प्रमाद आहे. आकडा दिसेल तसाच लिहावयाचा, आपल्या अपेक्षेप्रमाणे नव्हे, ही शिस्त मराठी माणसाने आधुनिक शास्त्रात प्रथम जेथे गिरविली, त्या थोड्या जागांपैकी कुलाबा ही एक होय.

ते काम काय होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण या विषयाचा खरा रस तेथेच आहे. लोहचुंबकाची एक कांडी एका रेशमी धाग्याने टांगली म्हणजे ती उत्तर-दक्षिण स्थिर होते, आणि तिच्या हेलकाव्यांवरून दिशेतील फरक समजतो. परंतु पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोर किती, हे तिच्यावरून समजत नाही. त्यासाठी गाउसने एक सुंदर युक्ती काढली होती. कांडी एकाऐवजी दोन समांतर धाग्यांनी टांगावयाची आणि वरचा टेकू पिळून ती बळेच पूर्व-पश्चिम आणावयाची. आता पृथ्वी तिला उत्तरेकडे ओढते आणि धाग्यांचा पीळ तिला उलट फिरवू पाहतो. दोघांचा समतोल झाला म्हणजे कांडी आडवी स्थिर राहते. पृथ्वीचा जोर किंचित कमी झाला की पीळ जिंकतो व कांडी जरा वळते. जोर वाढला की उलट. हे वळणे इतके सूक्ष्म असते की, नुसत्या डोळ्यांस ते दिसणारच नाही. म्हणून काही अंतरावर दुर्बीण रोवून तीतून मोजपट्टीवरील आकडा वाचावयाचा. जवळ लोखंड असता कामा नये, वारा लागता कामा नये, आणि उष्णता वाढली की कांडीचे चुंबकत्व उतरते म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर उष्णतामापकही पाहिला पाहिजे.

असे वाचन दर तासाला. दिवसा तसेच रात्री. मृगाच्या पावसात समुद्राच्या लाटा कुलाब्याच्या खडकांवर आपटत असताना, आणि वैशाखात दिव्याच्या धगीनेही अंग भिजत असताना. १८४६ सालापासून या नोंदींस नियमितपणा आला. त्यांतील बहुतेक आकडे वाचणारास अत्यंत नीरस वाटतील. कालच्यासारखाच आज, आणि आजच्यासारखाच उद्या. सकाळी जोर वाढत जातो, दुपारच्या आत शिगेस पोहोचतो, सायंकाळी उतरतो. चढउतार एकंदर जोराच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. हा मंद श्वासोच्छ्वास म्हणजेच वरच्या थरातील प्रवाहांची, सूर्याच्या उन्हाने रोज होणारी जागृती होय. परंतु रात्रीच्या दोन वाजता दिवा घेऊन दुर्बिणीस डोळा लावणाऱ्या साहाय्यकास हे ठाऊक नव्हते. ठाऊक असावयास ते शास्त्र अजून जन्मास यावयाचे होते. तो एवढेच जाणत होता की तासाचा ठोका पडला, आणि आकडा लिहिला पाहिजे.

आणि मग १८५९ सालचा सप्टेंबर आला.

१ सप्टेंबर रोजी दुपारच्या अगोदर इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यबिंबावरील डागांची आकृती काढीत असता, एका मोठ्या डागसमूहावर अकस्मात दोन तेजस्वी ठिपके झळकले आणि काही मिनिटांत मावळले. हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही ते पाहिले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आदळले, त्यास आज कॅरिंग्टनचे नाव आहे. क्यूबासारख्या उष्ण बेटावरून ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड यांच्या दरम्यानच्या तारायंत्र्यांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपोआप उतरलेल्या प्रवाहावरच काही काळ संदेश पाठविले. इंग्लंडात क्यू येथे चुंबकाच्या हालचाली फिरत्या कागदावर प्रकाशरेषेने आपोआप उमटविण्याची त्या काळची अत्यंत आधुनिक योजना होती. परंतु वादळ इतके प्रचंड होते की, ती प्रकाशरेषा कागदाच्या कडेबाहेर निघून गेली. कागदावर कोरी जागा राहिली.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ झाली होती. वेधशाळा हिंदी आरमारातील लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या ताब्यात होती. कुलाब्यास स्वयंलेखक यंत्र नव्हते. तेथे माणूस होता. सूची बेफाम झालेली दिसताच तासातासाचे वाचन सोडून निरीक्षकांनी पाच पाच, पंधरा पंधरा मिनिटांनी आकडे घेण्यास प्रारंभ केला. जोर अगोदर उसळी मारून वर गेला, आणि नंतर थोड्या वेळात असा कोसळला की आजच्या मोजणीने तो सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटला. मुंबईचे एकंदर क्षितिजसमांतर बल त्याच मापाने ३७-३८ हजारांच्या घरात धरले, तर शेकडा चारांच्या आसपास ही घट झाली. ज्या सूचीची रोजची हालचाल हजारातील एका भागाची, तिच्या दृष्टीने हा प्रलयच होता. काही तासांत ती पुष्कळशी पूर्वस्थितीवर आली. पुढच्या वर्षी १८५९ च्या नोंदींचा ग्रंथ छापून निघाला आणि ते आकडे इतर हजारो आकड्यांच्या शेजारी स्तंभांत जाऊन बसले.

ते तेथे जवळजवळ दीडशे वर्षे बसून होते. २००३ साली अमेरिकन व भारतीय संशोधकांनी मिळून कुलाब्याचे हे जुने आकडे पुन्हा मांडले, तेव्हा इतक्या कमी अक्षांशावरील त्या वादळाची अशी सलग मोजणी जगापुढे आली. त्या वादळाविषयी आज जे म्हटले जाते, त्याचा फार मोठा भाग मुंबईच्या त्या एका सकाळच्या दुर्बीणवाचनावर उभा आहे.

येथे विद्वानांतील एक मतभेद सांगितला पाहिजे. कारण तो न सांगता केवळ अभिमानाने आकडा फेकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १६०० ही घट काही मिनिटांची आहे. तासाची सरासरी घेतली तर आकडा नऊशेच्या आसपास येतो. शिवाय एवढी खोल दरी इतक्या लवकर भरून यावी, हे पृथ्वीभोवती दूरवर फिरणाऱ्या प्रवाहाच्या स्वभावास धरून नाही. तेव्हा त्या वेळी ध्रुवाकडील प्रवाहच खाली सरकून मुंबईच्या बाजूस पोहोचले होते काय, असा प्रश्न काही संशोधक करतात. त्यांचे म्हणणे खरे ठरले, तर वादळाचा आकडा लहान होईल. पण ध्रुवाकडचे आकाश त्या सकाळी अर्ध्या वाटेने आपल्याकडे आले होते, ही गोष्ट तेवढीच विलक्षण ठरेल. तसे झाल्याची एक साक्ष १८७२ सालीही मिळते. त्या वर्षी ४ फेब्रुवारीच्या रात्री खुद्द मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते, आणि त्या वादळाची नोंदही कुलाब्याच्या दप्तरात आहे. त्याच सालापासून कुलाब्यासही छायाचित्रणाने आपोआप उमटणाऱ्या नोंदी सुरू झाल्या. चार्ल्स चेंबर्स हे तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते.

चेंबर्सनंतर १८९६ साली डॉ. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे प्रमुख झाले. हे पहिले हिंदी संचालक. त्यांचा जन्म १८५९ चा, म्हणजे त्या वादळाच्याच सालचा. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले आणि पुढे एडिंबरोस जाऊन विज्ञानाची पदवी मिळविली. त्यांच्या कारकिर्दीत वेधशाळेपुढे जो प्रसंग आला, तो वादळाहून अधिक धोक्याचा होता. कारण वादळ येते आणि जाते, ट्राम येते ती राहावयास येते.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. घोड्याने लोहचुंबकाचे काही बिघडत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या ट्रामची योजना पुढे आली. तिचा प्रवाह एकदिश. वरच्या तारेतून येऊन तो रुळांवाटे परत जावयाचा. रूळ जमिनीशी पूर्ण अलग नसल्यामुळे या परतीच्या प्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाटेल तिकडे भटकत फिरतो. गाडी सुटली, थांबली, चढ चढली की त्याचे मान बदलते, आणि त्याबरोबर आसपासची चुंबकसूचीही हलते. मग ती वरच्या आकाशाविषयी बोलते आहे की रस्त्यातील गाडीविषयी, हे कोणासही सांगता येत नाही. जगात इतरत्र हेच झाले होते. कॅनडात टोरांटोची वेधशाळा ट्रामच्याच पायी १८९८ साली गावाबाहेर हलली; इंग्लंडात क्यूचे चुंबकीय काम १९०८ साली स्कॉटलंडातील एस्कडेलम्यूर या निर्जन स्थळी गेले; आणि ग्रीनिचचे लोहचुंबकही पुढे विजेच्या आगगाडीने हुसकून लावले.

मुंबईसारख्या व्यापारी शहराने ट्राम थांबवावी, ही अपेक्षा कोणी केली नाही. मूस यांनीही नाही. त्यांनी मागितले ते इतकेच की, ट्राम सुरू होण्यापूर्वी वेधशाळेस दुसरे घर मिळावे आणि जुन्या व नव्या घरी काही काळ एकदम काम चालावे. या दुसऱ्या मागणीत सर्व मर्म आहे. नव्या जागी जमीन निराळी, खडक निराळा, त्यामुळे चुंबकाचे बलही थोडे निराळे. जुनी जागा आज बंद करून नवी उद्या उघडली, तर आकड्यांत जी पायरी पडेल ती जागेमुळे पडली की काळामुळे, हे कधीच उलगडणार नाही. साठ वर्षांची माळ मधोमध तुटावयाची. दोन्हीकडे बरोबर नोंदी झाल्या, तर फरक किती तो निश्चित होतो आणि धाग्यास धागा गाठता येतो.

जागा निवडली अलिबागची. मुंबईपासून समुद्रवाटेने जवळ, जवळजवळ त्याच किनाऱ्यावरची, आणि ट्राम किंवा आगगाडी यांची चाहूल नसलेली. तेथील इमारतींसाठी चुंबकत्वाच्या दृष्टीने निर्दोष असा पोरबंदरचा दगड आणविला. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे यांस लोखंड वर्ज्य. तेथे तांबे आणि पितळ. यंत्रांची खोली अशी दुहेरी भिंतींची बांधली की बाहेरच्या दिवसरात्रीची उष्णता आत पोहोचू नये. आमच्यासारख्या, घराच्या प्रत्येक खांबात पोलाद भरून घेणाऱ्या गावच्या माणसास ही वास्तू मोठी नवलाची वाटते. तिच्यात एक खिळासुद्धा विचारल्यावाचून शिरलेला नाही.

१९०४ साली अलिबागेस नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्ही जागी काम चालू राहिले. फरक निश्चित झाला. मग कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले, आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आपल्याकडे नवी गोष्ट आली म्हणजे जुनीचे काय करावयाचे, हा विचार बहुधा ती मोडून पडल्यावर सुचतो. येथे तो अगोदर सुचला, त्यासाठी सरकारने पैसा खर्चला, आणि एका संचालकाने दोन वेधशाळांचा भार एकदम वाहिला. ट्राम पुढे १९६४ साली मुंबईतून कायमची गेली. अलिबागची सूची अजून चालू आहे.

१९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. नुसते आकडे छापून ते थांबले नाहीत. पुष्कळशी वादळे एकत्र घेऊन त्यांचा सर्वसामान्य क्रम त्यांनी शोधला. प्रथम बलाची एकाएकी उसळी, मग काही तासांत मोठी घट, आणि नंतर दिवसामागून दिवस सावकाश भरपाई. पुढे सिडनी चॅपमन याने चुंबकीय वादळांची जी उपपत्ती उभारली, तीत मूस यांच्या या मांडणीचा मोठा आधार होता. चॅपमनचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे. मूस यांचे नाव पुण्यातील किती सुशिक्षितांस ठाऊक असेल, हे आम्ही वाचकांवरच सोडतो. आम्हांस स्वतःस ते पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

या अखंड माळेचा उपयोग केवळ गतकालाच्या कौतुकासाठी नाही. भारताच्या दक्षिण टोकावर, सुमारे शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर, दिवसा पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद आणि जोरदार विद्युत्प्रवाह आहे. तिरुनेलवेलीच्या चुंबकास तो थेट डोक्यावर सापडतो. अलिबाग त्याच्या पट्ट्याबाहेर उत्तरेस पडते. म्हणून तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा केला की, जगाचा सर्वसाधारण गलबला निघून जातो आणि त्या एका प्रवाहाचे बळ हाती येते. वरच्या आकाशातील नदीचे पाणी खालच्या दोन विहिरींवरून मोजावे, तशी ही वजाबाकी जगभरचे संशोधक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. १९७१ साली कुलाबा-अलिबागच्या या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली. तिचे मुख्य ठाणे आता नव्या पनवेलीस आहे, आणि तिची चुंबकमापके अंटार्क्टिकावरील 'मैत्री' केंद्रातही बसविलेली आहेत.

यात आम्हां कारखानदारीच्या गावच्या लोकांचे काय जाते-येते, असा प्रश्न घरीच आम्हांस विचारण्यात आला. १३ मार्च १९८९ रोजी एका चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज घालविली; साठ लाख लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात राहिले. त्या वादळाची घट जागतिक मापाने सहाशेच्या आत होती. मे २०२४ मध्ये जे वादळ आले, ज्याच्या तांबूस आभेची छायाचित्रे लडाखमधील हानले येथून निघाली, त्याची घट चारशेच्या आसपास. १८५९ ची, अगदी कमीतकमी धरली तरी, नऊशेच्या घरातील. तेव्हा वीज वाहून नेणाऱ्या तारा जगात जवळजवळ नव्हत्या. आज भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यातील लेथपासून चाकणच्या मोटारींच्या कारखान्यापर्यंत सर्वांचा श्वास त्या तारांत आहे, आणि मालमोटारींस वाट दाखविणारे उपग्रहही त्याच वरच्या थरांपलीकडून बोलतात. तसे वादळ पुन्हा आले तर काय होईल, याचा हिशेब करणारे अभियंते सर्वांत वाईट प्रसंगाचा आकडा शोधू लागतात, तेव्हा त्यांस कुलाब्याच्या त्या वहीपाशी यावे लागते.

आमच्या चिंचवड स्टेशनावरून जाणारी आगगाडी १९३० च्या सुमारास विजेवर धावू लागली, आणि तिचाही प्रवाह पुढे कित्येक दशके एकदिशच होता. त्या काळी पवनाकाठी कोणी वेधशाळा मांडली असती, तर प्रत्येक लोकल गाडीची वेळ तिच्या सूचीने इमानेइतबारे लिहून ठेवली असती.

होकायंत्र आणलेल्या त्या मुलास घेऊन आम्ही मांडव्यावरून अलिबागेस गेलो होतो. किनाऱ्यावर, गाड्यांपासून आणि विजेच्या खांबांपासून दूर अशा वाळूत त्याने ते खाली ठेवले. सूची दोन-तीनदा हलली आणि स्थिर झाली. त्याने ते उचलून दहा पावलांवर ठेवले, पुन्हा आणखी दहा पावलांवर ठेवले. प्रत्येक वेळी तीच उत्तर. परतताना आम्ही त्याला नागावाकडे जाणारा रस्ता दाखविला आणि केरूनानांचे नाव सांगितले. त्याचे लक्ष मात्र हातातील डबीकडे होते, आणि मोटारीत बसताच सूची फिरली तेव्हा तो मोठ्याने हसला.